शहाण्णवातला एक

४ ऑक्टोबर

श्री. व्याही यांना,

सप्रेम नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र आहे. गाडी पुन्हा बंद पडली.

तुमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर पाटी आहे: ‘तक्रार लेखी द्यावी. फोनवर सांगितलेलं लक्षण ऐकलं जाणार नाही.’ लग्नाचं बोलायला आलो होतो तेव्हा मी ती वाचली आणि मनात म्हटलं, बाप खडूस दिसतो, मुलगी त्याच्यावर गेली नसली म्हणजे मिळवली. म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर आपलं बोलणं ‘कसं काय?’, ‘ठीक’, ‘तुमचं?’, ‘ठीक’ याच्या पुढे तीन वर्षांत सरकलेलं नाही, आणि हे प्रकरण ठीकमध्ये मावणारं नाही.

केस पहिल्यापासून लिहिते. पेशंट: विजेवर चालणारी गाडी, वय सात वर्षं, आधीचे मालक दोन. जूनमध्ये माझ्याकडे आली. ऑगस्टमध्ये दुखणं सुरू झालं. चाळीस टक्के दाखवते, दाखवते, आणि एकदम पाच. तुम्ही ती डबी पाठवलीत. तुमच्या लेकीनं ती स्टिअरिंगखाली लावली, बॅटरीचे आकडे तिच्या फोनवर आले, आणि तिनं ते तुम्हाला फोन करून सांगितले. (लेकीसाठी पाटीवरचा नियम ढिला झाला. मी पाहिलं, बोलले नाही.) मग तुम्ही बॅटरीचा एक ठोकळा पार्सलनं पाठवलात, बरोबर चिठ्ठी, कितव्या जागेवरचा जुना काढून तिथे हा घालायचा याची. इथल्या गॅरेजवाल्यानं वीस सप्टेंबरला तो बसवला. या गृहस्थाला सगळं गाव ‘होऊन-जाईल’ म्हणतं, कारण दुसरं काही त्याच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. काढलेला ठोकळा मी स्वतः बांधून तुम्हाला परत पाठवला.

दहा दिवस बरे गेले. परवा शेवटच्या घराकडे चालले होते. मधे चढ आहे. चौतीस टक्क्यांवरून सहा. डॅशबोर्डवर जोर संपल्याचं ते पिवळं कासव पेटलं आणि गाडीनं कासवाचा मान राखला. मागे शाळेची बस. चाळीस पोरं खिडकीला नाक लावून बघत होती आणि मी मांडीवर ड्रेसिंगचा डबा घेऊन बसले होते.

आता मुद्दा. मी अकरा घरी जाते. अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत, जखमा आहेत, नळ्या आहेत. ते लोक उठून माझ्याकडे येऊ शकत नाहीत, मी चालत त्यांच्याकडे जाऊ शकत नाही. गाडी म्हणजे माझी नोकरीच. आमच्या चिरंजीवांचं म्हणणं, एकसष्टाव्या वर्षी आईनं हे बंद करावं. ते विमा कंपनीत धोके मोजतात. घरी आल्यावर मला मोजतात. बसच्या प्रसंगानंतर जेवणाच्या टेबलावर शब्दानं शब्द वाढला आणि मी बोलून गेले, ‘तीस नोव्हेंबरपर्यंत गाडी धड झाली नाही, तर विकून टाकीन आणि घरी बसेन.’ ते उठले आणि कॅलेंडरवर गोल करून आले. पोटचा मुलगा, पण पेन खिशातच ठेवतो.

शब्द दिला आहे. मी शब्द फिरवत नाही, ही माझी खोड तुम्हाला तुमच्या लेकीकडून कळली असेलच. तेव्हा काय ते बघा.

तुमची,
विहीण

⁂

९ ऑक्टोबर

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. लक्षणं क्रमानं लिहिलीत. तीस वर्षांत इतकी नीट तक्रार माझ्याकडे आलेली नाही. लोक ‘गाडी चालत नाही’ एवढं लिहितात आणि खाली तीन ओळींची सही करतात.

रचना समजून घ्या. तुमच्या बॅटरीत शहाण्णव सेल आहेत, एकामागे एक, रांगेत. चार-चार सेलचा एक ठोकळा, असे चोवीस ठोकळे. रांगेतला एक दमला की बाकीच्या पंच्याण्णवांना थांबावं लागतं. त्यांच्यात दम असो नसो. डॅशबोर्डवरचे टक्के ही मोजणी नसते, तो अंदाज असतो. गाडी सगळ्यांची सरासरी धरून चौतीस म्हणते. चढ लागतो, दमलेला मटकन खाली बसतो, मग गाडीला खरं बोलावं लागतं.

दमलेला आपण काढला. नवा घातला. तरी तेच होतंय, तर पहिला संशय असा की नवा आणि जुने अजून एका पातळीवर आलेले नाहीत. नवी सून घरात आली की... असो, तो दाखला नको. उपाय: तीन वेळा गाडी शंभर टक्के भरा आणि भरल्यावरही चार-पाच तास वायर तशीच लावून ठेवा. त्या वेळात आतलं सर्किट सगळ्यांना सारखं करतं.

दोन प्रश्न. एक, चढावर पाय जोरात दाबता का? दोन, मागच्या सीटवर वजन किती असतं?

ठोकळा मी पाठवण्याआधी तीन वेळा तपासला होता. त्याच्याविषयी मला शंका नाही. होऊन-जाईल यांच्याविषयी सध्या काही लिहीत नाही.

आपला,
व्याही

⁂

२१ ऑक्टोबर

श्री. व्याही यांना,

नमस्कार. तीन वेळा पोटभर चारलं आणि जेवण झाल्यावरही ताटावरून उठू दिलं नाही. गुण शून्य. उलट आधी चौतीसवर पडायची, आता अडतीसवर पडते. हे औषध चालू ठेवलं तर घरातून निघायच्या आधीच पडेल.

पायाबद्दल. मी पस्तीस वर्षं लोकांच्या जळलेल्या कातडीवरून कापूस फिरवते आहे. माझ्या पायाला जोर कुठे द्यायचा आणि कुठे नाही हे कळतं. वजनाबद्दल: एक डबा, एक पिशवी, एक मी. तिसऱ्याचा आकडा तुम्हाला कळवणार नाही.

आम्हा नर्सेसना एका जातीचे डॉक्टर ओळखीचे असतात. पेशंट गेला तरी ते म्हणतात, ‘उपचार बरोबरच होते.’ ठोकळा तीन वेळा तपासला होता हे वाचून मला त्यांची आठवण झाली. राग मानू नका. मानलात तर लेखी कळवा.

गेल्या आठवड्यात दोन घरं चुकली. एका घरी मुलीनं स्वतःच आईची पट्टी बदलली. पाठीच्या जखमेवर पट्टी उलट बाजूनं चिकटवून ठेवली होती. सोडवायला पाऊण तास लागला. बाई नुसती चादर धरून होत्या. तुम्हाला बॅटरीबद्दल लिहायचं होतं, हे कशाला लिहिलं कोण जाणे.

घरी सगळं ठीक. सुनेची तब्येत चांगली आहे, पाचवा महिना व्यवस्थित चालू आहे. परवा ती म्हणाली, ‘आई, बाळ झाल्यावर तुम्ही घरी असलात तर किती बरं होईल.’ चिरंजीवांनी लगेच मान डोलावली. त्यांची मान अलीकडे फार लवकर डोलते. कॅलेंडरवरच्या गोलाला आता लाल रंग आला आहे.

तुमची,
विहीण

⁂

२६ ऑक्टोबर

विहीणबाईंना नमस्कार.

राग मानलेला नाही. लेखी कळवत आहे.

आता अंदाज पुरे. मला आकडे हवेत, आणि ते गाडी दमत असताना घेतलेले हवेत. उभ्या गाडीत सगळेच सेल गुणी दिसतात; पाहुणे आले की पोरं दिसतात तसे. होऊन-जाईल यांना गाडी चालवायला बसवा. तुम्ही शेजारी बसा. डबी लावा, फोन हातात घ्या. चाळीस टक्क्यांच्या खाली आल्यावर त्याच चढावर गाडी घ्या, आणि चढ सुरू असताना पडदा दिसेल तसा फोनमध्येच टिपून ठेवा. घरी येऊन शहाण्णवचे शहाण्णव आकडे कागदावर उतरवा. आकड्यात लिहा, अक्षरी नको. आणि हे काम दुसऱ्या कोणाला सांगू नका.

माझा अंदाज विचाराल तर होऊन-जाईल यांनी एखादा बोल्ट सैल ठेवला असणार. पण आधी आकडे.

तुम्ही परत पाठवलेला जुना ठोकळा पोहोचला आहे. फळीवर आहे. अजून उघडला नाही, सवड नाही. त्या घरच्या बाईंची पाठ आता कशी आहे?

आपला,
व्याही

⁂

३ नोव्हेंबर

श्री. व्याही यांना,

नमस्कार. शहाण्णव आकडे सोबतच्या कागदावर आहेत, आठ ओळी, प्रत्येकीत बारा. ओळी पट्टीनं आखल्या आहेत.

प्रवासवर्णन थोडक्यात. होऊन-जाईल गाडीत बसले आणि आधी त्यांनी आरसा स्वतःच्या भांगाकडे वळवला. चढाच्या पायथ्याशी मी म्हटलं, ‘आता थांबायचं नाही हं, मला आकडे हवेत.’ म्हणाले, ‘होऊन जाईल.’ मध्यावर कासव पेटलं. म्हटलं, ‘हे असं होतं बघा.’ म्हणाले, ‘होऊन जाईल.’ गाडी मागे घरंगळायला लागली. या माणसाच्या थडग्यावर काय लिहायचं याची घरच्यांना चिंता नाही. पण बोल्ट त्यांनी माझ्यासमोर एकेक तपासला. एकही सैल नव्हता. तेवढं त्यांचं त्यांना द्या.

आता आकडे. चढावर बहुतेक सगळे ३.६ च्या आसपास. तुमचा नवा ठोकळा, म्हणजे ४९ ते ५२, सगळ्यात ताठ, ३.६८, तुमचा माल चांगला आहे हे कबूल करते. आणि ५९ नंबरचा एकटा २.९१. त्याच्या शेजारचा ६० जरासा कोमेजलेला, बाकी कोणाला काही झालेलं नाही.

मी बॅटरीवाली नाही, पण ताप कोणाला आहे हे मला थर्मामीटरवरून कळतं. आजारी ५९ आहे. मग ऑगस्टमध्ये तो कोणाला दिसला कसा नाही?

बाईंची पाठ सुकते आहे. विचारलंत म्हणून सांगितलं.

तुमची,
विहीण

⁂

८ नोव्हेंबर

विहीणबाईंना सादर नमस्कार.

आकडे मिळाले. ओळी फार सुरेख आखल्या आहेत. अक्षरही सुरेख.

असं कधी कधी होतं. एक ठोकळा बदलला की भार दुसरीकडे सरकतो आणि जवळपासचा एखादा मान टाकतो. यात कोणाचीच चूक नसते. बॅटरीत असं चालतंच.

दुसरा ठोकळा सोबत पाठवत आहे. थोडा वापरलेला आहे, पण ठणठणीत आहे. चांगला पारखून घेतला आहे. हा पंधराव्या जागेवर बसवायचा, जिथे ५७ ते ६० आहेत. बसवल्यावर एकदा शंभर टक्के भरून वायर तशीच ठेवायची. तीस तारखेच्या आत सहज होईल.

इकडे हवा कोरडी आहे. तुमच्याकडे थंडी कशी आहे? पायात मोजे घालत जा. सर्वांना नमस्कार आणि आशीर्वाद.

आपला नम्र,
व्याही

⁂

१५ नोव्हेंबर

श्री. व्याही यांना,

तुमच्या पत्रात तीन गोष्टी खटकल्या. अक्षराचं कौतुक, हवेची चौकशी आणि ‘नम्र’. आपली ओळख तीन वर्षांची आहे, तेवढ्यात माणूस बदलत नाही.

पार्सल उघडलं. आतला ठोकळा मी ओळखला. सप्टेंबरमध्ये मी तो बांधला तेव्हा त्यावर चिकटपट्टी लावून ‘काढलेला’ असं लिहिलं होतं. पट्टी तुम्ही सोलून टाकलीत. पण ती आमची ड्रेसिंगची पट्टी होती व्याही, तिचा डिंक कातडीवरून चार दिवस निघत नाही, पत्र्यावरून काय निघणार. चौकोन तसाच आहे. स्पिरिटनं पुसला असतात तर गेला असता. पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

म्हणजे सप्टेंबरमध्ये आपण धडधाकट ठोकळा काढला आणि आजारी तिथेच ठेवला. चांगला दात उपटला, किडका राहिला. दवाखान्यात यावर चौकशी बसते. मी ती घरात बसवली.

आधी होऊन-जाईल यांच्याकडे गेले. त्यांच्या पाकिटात तुमची जुनी चिठ्ठी अजून आहे. तुमच्याच हातचं आहे: ‘सेल ४९ आजारी. जागा १३ बदला.’ मग घरी येऊन भाजी निवडता निवडता सुनेला सहज विचारलं, ‘ऑगस्टमध्ये डबीवर कितवा सेल लाल दाखवत होता गं?’ ती पटकन म्हणाली, ‘फिफ्टी नाइन.’ विचारसुद्धा केला नाही. तीन महिन्यांपूर्वीचा आकडा, आणि जिभेवर.

तिनं पाहिला एकोणसाठ. तुमच्या कागदावर उतरला एकोणपन्नास. मधे होता एक फोन आणि तुमची लेक.

मी सरळ लिहिते. तुम्ही आकड्यात चुकणारे नाही. सुनेला मी घरी बसलेली हवी आहे, हे तिनं माझ्या तोंडावर सांगितलेलं आहे. नवरा तिच्या बाजूनं आहे. आणि कॅलेंडरवर गोल आहे. मला हे जुळवायचं नव्हतं, पण ते आपोआप जुळतंय. आणि तुम्हाला ते आठ तारखेच्या आधीच कळलं होतं, म्हणून पट्टी सोलली गेली आणि थंडीची चौकशी झाली.

मी घरात काही बोललेले नाही. दोघी एका टेबलाशी बसतो, ती मला मिठाची बरणी पुढे करते, मी ‘थँक यू’ म्हणते. इतकं सभ्य घर तुम्ही पाहिलं नसेल.

ठोकळा पार्सलसकट कपाटात आहे. बसवलेला नाही. कामाला जायचं तर मला गाडी हवी. पण मी घरीच हवी म्हणून कोणी इतक्या थराला जात असेल, तर नुसती बॅटरी दुरुस्त करून काय होणार? तीस तारखेला पंधरा दिवस आहेत. होऊन-जाईल यांना दोन दिवस लागतात. उत्तर बघून ठरवीन.

विहीण

⁂

१९ नोव्हेंबर

विहीणबाई,

सगळं खरं लिहितो. आधीच लिहायला हवं होतं.

तुमचा कागद आला तेव्हा मी वही काढली. त्या दिवशी फोनवर ऐकून मीच लिहिलं होतं, ४९. मग फळीवरचा ठोकळा उघडून तपासला. चारी सेल निरोगी. पट्टी मी सोलली. मागचं पत्र मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा खोटंच लिहिलं. शेवटचं त्यातल्या त्यात बरं होतं म्हणून पाठवलं.

तिनं फोनवर मला सांगितलं, ‘एकोणपन्नास.’ हे शब्द तिचेच. पण तुम्ही समजता तसं ते नाही.

तिला इंग्रजी शाळेत मी घातलं. सगळे घालत होते, मीही घातलं. ती आकडे तिकडून शिकली. घरी आली की गाडी ‘एकोण’पाशी अडायची. फिफ्टी म्हणजे पन्नास, नाइन म्हणजे नऊ, मग फिफ्टी नाइन म्हणजे एकोणपन्नास. तिच्या हिशोबात हे सरळ होतं. एकोण म्हणजे एक उणा, हे तिला कोणी समजावलं नाही. मीही नाही. नऊ वर्षांची असताना तिनं पाहुण्यांसमोर सांगितलं की आजोबा एकोणसाठ वर्षांचे आहेत. वडील तेव्हा एकोणसत्तरचे होते. मी मोठ्यानं हसलो, पाहुणे हसले, आजोबांनी ‘दहा वर्षं वाचली’ म्हणून मिशीवरून हात फिरवला. त्यानंतर तिनं माझ्यासमोर मराठीत आकडा कधी उच्चारला नाही. मला ते पुष्कळ वर्षं लक्षातही आलं नाही.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. मशीन चालू होतं, इंग्रजी आकडे मला नीट ऐकू येत नव्हते. मी म्हटलं, ‘बाई गं, तुझ्या बापाला समजेल अशा भाषेत सांग.’ ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘एकोणपन्नास, बाबा.’ मी फोनवर गिऱ्हाइकाचं ऐकत नाही, त्याचं कारणच हे. ऐकलंच तर उलट वाचून दाखवतो. तेव्हा वाचून दाखवलं नाही. वीस वर्षांनी तिनं आकडा मराठीत सांगितला होता, मी तेवढ्यातच खूश होतो.

पाटी मी लावलेली, नियम मी मोडला, चिठ्ठी माझ्या हातची. तिनं तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही आणि मलाही नाही. तिला आजही ठाऊक नाही की काही चुकलं. लपवलं मी. मला वाटलं, सासरी लेकीच्या नावावर एक चूक कशाला लिहायची. आता तुमचं पत्र वाचून दिसतं की चूक झाकायला गेलो आणि तिच्या नावावर कपट लिहून बसलो.

बापाच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तुम्ही परीक्षा घेणाऱ्या बाई आहात. तिला सहज एखादा आकडा सांगून लिहायला लावा आणि कागद बघा.

ती तुम्हाला घरी हवी म्हणाली असेल. पोटुशी बाई आहे, मनात येईल ते बोलते, लपवत नाही. ज्याला डाव टाकायचा असतो तो आधी तोंडानं सांगत बसत नाही.

ठोकळा बसवा. तुमचाच आहे. सात वर्षं बाकीच्यांबरोबर राहिलेला, म्हणून नव्यापेक्षा लवकर जमेल.

व्याही

⁂

१ डिसेंबर

श्री. व्याही यांना,

नमस्कार. उशीर झाला, कारण आधी कागद बघितला, मग ठोकळा बसवला, मग तीस तारीख आली.

बावीस तारखेला टेबलाशी बसून मी माझं रजिस्टर काढलं आणि सुनेला म्हटलं, ‘माझा चष्मा पुसतेय, तेवढं लिही गं. दुसऱ्या घरच्या आजोबांची नाडी एकोणसाठ.’ तिनं छान गोल अक्षरात लिहिलं: 69. साठ आणि नऊ. तुमचा हिशोब तिच्याकडे अजून चालू आहे.

आणि एकदम दुसरंच डोक्यात आलं. गेले कित्येक रविवार मी तोंडानं सांगते आणि हीच माझं रजिस्टर उतरवते. माझे डोळे दुखतात म्हणून तिनं आपणहून घेतलेलं काम. मागची पानं काढली. मूळ चिठोरे माझ्या डब्यात असतात, ते शेजारी मांडले. सात नाड्या दहानं वाढलेल्या होत्या, एक रक्तदाब दहानं चढला होता. आणि प्रत्येक पानाखाली ‘तपासलं’ म्हणून माझी सही. कोणाचं काही वाईट झालं नाही, याचं श्रेय फक्त त्या सात जणांना आहे.

म्हणजे ज्या बाईनं तुम्हाला दात उपटण्यावरून बोल लावले, ती स्वतः दर रविवारी डोळे मिटून सह्या करत होती. पंधरा तारखेचं पत्र फाडून टाका असं म्हणणार होते. पण लेखी आहे, राहू द्या. मी तसं लिहिलं होतं हे मला माहीत असलेलं बरं.

सुनेला सगळं सांगितलं. तिच्यावर मला काय संशय आला होता, तेही सांगितलं. ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता. ती आधी रडली. मग म्हणाली, ‘आई, पण तुम्ही लोक साठ यायच्या आधीच साठचं नाव का घेता? अजून तो आलेलाच नसतो.’ मी पस्तीस वर्षं मोजते आहे, हे कधी मनातच आलं नव्हतं. उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा. मग तिनं हळूच विचारलं, ‘तुम्हाला खरंच वाटलं मी असं करीन?’ मी म्हटलं, ‘सात दिवस वाटलं.’ म्हणाली, ‘सात म्हणजे सेव्हन ना?’ हे विनोदानं म्हणाली की काय ते मला अजून कळलेलं नाही. आणि बाळाचं म्हणाल तर ती म्हणते, संध्याकाळी घरी असलात तरी चालेल. मुळात तिचं म्हणणं तेवढंच होतं; बाकीचं माझ्या कानांनी भरलं.

ठोकळा सव्वीसला बसला. होऊन-जाईल यांना मी जागेचा आकडा पत्र्यावर खडूनं लिहून दिला, तोंडानं बोलले नाही.

काल तीस. चिरंजीव ऑफिसला सुट्टी टाकून शेजारच्या सीटवर बसले, मांडीवर कागद, हातात पेन. अकरा घरं, बासष्ट किलोमीटर. दर घरी मी आत जायची आणि ते गाडीत बसून टक्के लिहायचे. चढाच्या पायथ्याशी पस्तीस होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मध्यावर चौतीस. वर पोचलो तेव्हा तेहेतीस. ते डॅशबोर्डवर बोट आपटून बघत होते. म्हटलं, ‘थर्मामीटर झटकून ताप येत नाही.’ पुढे म्हणाले, ‘गाडीचं ठीक आहे, पण...’ आणि त्यांनी खिडकीची काच वर केली.

शेवटच्या घरी त्यांना म्हटलं, आत चला, डबा धरायला माणूस हवा. त्या पाठीच्या बाई. चिरंजीवांनी आयुष्यात पहिल्यांदा मी काय करते ते पाहिलं. पांढरे पडले, पण डबा सोडला नाही. मी पट्टी बसवली, चादर सारखी केली. बाईंनी नेहमीचं विचारलं, ‘आता कधी?’ दोन महिने मी या प्रश्नाला ‘बघू’ म्हणत होते, आणि त्याही बघू म्हटल्यावर पुढे विचारायचं नाही हे शिकल्या होत्या. मी म्हटलं, ‘उद्या साडेनऊला.’

त्यांनी माझ्याकडे नाही, चिरंजीवांकडे बघितलं. चिरंजीव म्हणाले, ‘साडेनऊला.’

आता नऊ वाजून पाच मिनिटं झाली आहेत. पत्र पुरं करत बसले तर त्यांना खोटं ठरवीन. निघते.

तुमची,
विहीण